आईच्या अंगातली थंडी

माझ्या धाकट्या बहिणीला, कुंदाला, आवाजांची आवड होती आणि माणसांची नव्हती. असं लिहून टाकलं की कठोर वाटतं, पण ती पाच वर्षांची होती तेव्हा आम्हाला तिच्याबद्दल एवढंच नक्की ठाऊक होतं. जबलपूरच्या गढा भागातलं आमचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. पुढे जाळीचा व्हरांडा, मागे चिंचोळं अंगण आणि अंगणात नगरपालिकेचा नळ. हिवाळ्यात उजाडता उजाडता कुंदा त्या नळापाशी जाऊन उकिडवी बसायची. पाणी येण्याआधी नळ थोडा वेळ नुसती हवा सोडतो, आतून गुरगुरतो, मग खोकल्यासारखा एक आवाज करतो. त्या आवाजासाठी ती बसायची. तो आला की डोळे मिटून डोलायला लागायची आणि प्रत्यक्ष पाणी आलं की उठून चालती व्हायची. पाण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मग दारूगोळ्याच्या फॅक्टरीचा भोंगा व्हायचा, बाबांची सायकल खडखडत गल्लीतून निघून जायची, शेजारच्या पांडे चाचींच्या घरून बंबात लाकडं सारल्याचा आवाज यायचा, आणि आमच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापायला बसायची. आजही ते घर मला आधी ऐकू येतं आणि मग दिसतं, आणि दिसतं तेही चुलीच्या धुरातून.

आई आर्वीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन जबलपूरला येऊन तिला पंधरा वर्षं झाली होती, तरी तिची हिंदी भाजीवाल्याच्या हातगाडीपुढे गेली नव्हती. ‘कितने का दिया’ आणि ‘जास्त बोलता तुम’ या दोन वाक्यांवर तिने पंधरा वर्षं संसार केला. बाबा नागपूरचे, फॅक्टरीत कारकून, दोन्ही भाषांत सारखेच कमी बोलणारे. मी तेरा वर्षांची, हिंदी शाळेत शिकणारी आणि वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारी. माझी हिंदी इतकी सफाईदार होती की नव्या बाईंना मी मराठी आहे हे कळायचंच नाही, आणि कळलं नाही की मला फार बरं वाटायचं. आईची बोली मला गावंढळ वाटायची. तिच्याकडे बाईमाणूसही ‘मी जातो, मी करतो’ म्हणते. मैत्रिणी घरी आल्या की मी आईला पोहे करायला आत पाठवायची आणि दार लोटून घ्यायची. हे मी आज हसत हसत लिहिते आहे असं कुणी समजू नये.

आई मात्र दिवसभर बोलायची आणि ते सगळं कुंदाशी. शिंगाडे उकडून ठेवलेले असायचे, कुंदा त्यांची काळी सालं भिंतीलगत ओळीने मांडत बसायची, आणि आई तिच्याकडे न पाहता, कणीक मळता मळता, सांगत राहायची. आता पीठ भिजवून राहिलो, आता तुह्या बाबाचा डबा भरतो, आता पाय पोळते म्हणून चप्पल घालतो. कुंदा कधी वळून पाहायची नाही. पण दोन-तीन दिवसांनी कधीतरी, सालं मांडता मांडता, ती अगदी आईच्या आवाजात म्हणायची, “पाय पोळते.” एवढंच. तिने आईला आई म्हणून हाक कधी मारली नाही.

आज याला ऑटिझम म्हणतात हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मराठीत स्वमग्नता असा शब्द आहे. ज्याने कुणी तो काढला असेल त्याला मी एक सकाळ आमच्या नळापाशी बसवलं असतं. माझी बहीण स्वतःत मग्न नव्हती, ती नळात मग्न होती. पण तेव्हा आमच्याकडे हाही शब्द नव्हता. शब्द नव्हता म्हणून ज्याला जे सुचेल ते तो म्हणायचा, आणि रविवार सकाळ ही त्यासाठी राखून ठेवलेली होती.

रविवारी आमच्या व्हरांड्यात बैठक भरायची. बाबांच्या सेक्शनमधले देशकर काका यायचे आणि गल्लीच्या टोकाला राहणारे, फावल्या वेळात होमिओपाथीच्या गोळ्या देणारे तिवारी मास्टरजी यायचे. खिडकीतून पांडे चाची सामील व्हायच्या. विषय सुरुवातीला पगारवाढ किंवा हॉकी असा काही असायचा, पण दुसऱ्या चहाला गाडी कुंदावर यायची. पांडे चाचींचं म्हणणं ठाम होतं की आईने ग्रहणात विळीवर भोपळा चिरला होता, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तिवारी मास्टरजींचा राग देवी टोचण्यावर होता, ती लस अंगात गेली की मुलाची वाचा मागे सरते असं ते सांगायचे. देशकर काकांना आधी फॅक्टरीतल्या बारुदीचा संशय होता, पण मग त्यांची स्वतःची चार मुलं पोपटासारखी बोलतात हे कुणीतरी दाखवून दिल्यावर त्यांनी ते मत सोडलं. एका रविवारी ते एक हिंदी मासिक घेऊन आले आणि त्यातला लेख त्यांनी मोठ्याने वाचला. परदेशातल्या विद्वानांनी शोधून काढलं होतं म्हणे, की अशी मुलं आईच्या प्रेमावाचून होतात. आई तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. वाचन हिंदीत चाललेलं, तिला फारसं कळलं नाही. तिने देशकर काकांच्या बशीत दोन शेंगदाणे जास्त घातले, कारण ते त्यांना आवडायचे.

बाबांना मात्र ते कळलं होतं. ते दुसऱ्या दिवशी म्हणाले की या सगळ्यांचं ऐकण्यापेक्षा एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून टाकू. नेपियर टाउनमध्ये विलायतेत शिकून आलेले एक डॉक्टर होते. बाबांना त्या आठवड्यात रजा मिळेना. “शालूला घेऊन जा,” ते आईला म्हणाले, “ती सांगेल बरोबर. तिची हिंदी चांगली आहे.” मला त्या वाक्याने केवढा अभिमान वाटला होता, ते अजून आठवतं. मी शाळेच्या कार्यक्रमाला घालायचा फ्रॉक घातला.

डॉक्टरांच्या बंगल्यात लाल फरशी होती, पंखा बंद होता आणि सगळीकडे स्पिरिटचा वास होता. कुंदा आत शिरल्या शिरल्या टेबलाखाली गेली आणि फरशीच्या रेघेवरून बोट फिरवत बसली. पडद्यापलीकडच्या बाकावर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बसली होती, सिल्कची साडी, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. पडदा अर्धाच होता. आतलं सगळं बाहेर ऐकू जात होतं आणि माझं निम्मं लक्ष त्या बाईंकडे होतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आईला बसायला सांगितलं आणि सरळ तिलाच विचारलं, “बच्ची जब रोती है तो आप क्या करती हैं? गोद में लेती हैं?” मी आईला तो प्रश्न सांगितला. पदर सावरून आई पुढे सरकली. पाच वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. ग्रहणात काय केलंस ते विचारलं होतं, बाळंतपणात काय खाल्लंस ते विचारलं होतं, पण हे नाही.

ती म्हणाली, “गोदीत घेतलं का ते अजूनच रडते जी. मंग मी तिच्यापाशी भुईवर लेटतो. हात लावत नाही. ते कसं हुं हुं करते, तसंच मी बी करतो, हळूहळू. लय वेळ लागते. कधी कधी दुपार निघून जाते, सैपाक तसाच राह्यते. मंग ते आपल्या मनानंच सरकत सरकत येते अन् माझ्या कानाची पाळी धरते. तिले तेवढंच पाह्यजे राह्यते.”

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. बाहेर चष्मा वळला होता. माझी आई जमिनीवर लोळून हुं हुं करते, हे त्या खोलीत, त्या हिंदीत, मी कसं सांगणार होते? मी म्हणाले, “जी, गोद में नहीं लेतीं.”

पाच शब्द. त्यांनी ते लिहून घेतले. मग त्यांनी आणखी तीन-चार प्रश्न विचारले, आई दर वेळी लांबलचक सांगत गेली आणि मी दर वेळी त्याचं एक छोटंसं, स्वच्छ, शाळेत चालेल असं वाक्य करून देत गेले. मुलीशी बोलता का, याचं उत्तर मी ‘ज़्यादा नहीं’ असं दिलं, कारण भाकरीबद्दल आणि चपलेबद्दल बोलण्याला बोलणं म्हणतात असं मला वाटत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि मलाच, मोठ्या माणसाला सांगावं तसं, सांगितलं, “देखो बेटा, माँ में ठंडापन है. ऐसे बच्चे इसी ठंडेपन से होते हैं.” बाबांसाठी त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. मुलीला काही महिने आईपासून दूर, दुसऱ्या एखाद्या मायाळू बाईजवळ ठेवून पाहावं, असं त्या चिठ्ठीत होतं.

परतताना रिक्षात आईने विचारलं, काय म्हणाले. मला ठंडापन या शब्दाचा डॉक्टरी अर्थ अंदाजाने कळला होता. तो तिला सांगण्याची हिंमत नव्हती, आणि त्यात माझा हात किती आहे हे आतून कुठेतरी कळत होतं, म्हणून तर अजिबातच नव्हती. मी रस्त्याकडे पाहत म्हणाले, “तुझ्या अंगात थंडी आहे म्हणतात. म्हणून कुंदा अशी आहे.”

आईने मोकळा श्वास सोडला. मला तिचा चेहरा आठवतो. ग्रहण मागे जाऊन पुसता येत नाही, टोचलेली लस परत काढता येत नाही, पण अंगातल्या थंडीवर तिच्या माहेरी प्रत्येक बाईला चार उपाय ठाऊक होते. तिने रिक्षा तशीच बड्या फुहाऱ्याच्या बाजारात न्यायला लावली आणि सुंठ, डिंक, मेथी, खारीक आणि गूळ घेतला. मी पिशवी धरून उभी राहिले.

त्या हिवाळ्याभर आमचं घर सुंठीच्या आणि भाजलेल्या मेथीच्या वासात बुडालेलं होतं. आई सकाळी अनशापोटी डिंकाचा लाडू खायची, दुपारी बाजरीची भाकर लसणाच्या चटणीशी, संध्याकाळी ओव्याचा काढा. दही सोडलं, ताक सोडलं, शिंगाडे सोडले, बोरं सोडली. दर कार्तिकात ग्वारीघाटावर नर्मदेच्या स्नानाला जाणं हा तिचा वर्षातला एकमेव चैनीचा कार्यक्रम, तोही तिने सोडला. घरात शाल गुंडाळून वावरू लागली. आणि कुंदाजवळ जाण्याआधी ती शेगडीवर दोन्ही तळवे धरायची, चांगले लाल होईपर्यंत, मग एकमेकांवर चोळायची, आणि मग अगदी हलकेच ते कुंदाच्या पाठीवर ठेवायची. ज्या पोरीला कुणी हात लावलेला खपत नसे, ती पहिले काही दिवस किंचाळली. नंतर गप्प राहू लागली. आणि पौषात एका संध्याकाळी शेगडी पेटल्याबरोबर कुंदा आपणहून आली आणि आईकडे पाठ करून उभी राहिली. आई माझ्याकडे वळून इतकी सुंदर हसली. थंडी निघून राहिली, म्हणाली. मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

बाबांनी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की डॉक्टरांनी कुंदाला हवापालट सांगितला आहे, संक्रांतीनंतर इटारसीहून आत्या येऊन घेऊन जाईल. चिठ्ठीतलं खरं कारण बायकोला तोंडाने सांगणं त्यांच्याने होईना, आणि मी ते तिला सांगितलंच असेल असं ते धरून चालले. आईने आपल्या मनाशी जुळवलं की संक्रांतीपर्यंत आपल्या अंगातली थंडी गेली तर कुंदाला नेणार नाहीत. तिच्याजवळ मुदत होती आणि तिने ती सुंठीवर लावली. खरं काय ते दोन्ही बाजूंनी माहीत असलेली घरात मी एकटीच होते, आणि मी रोज उद्या सांगू म्हणत होते.

कारणांचा वाद आजही चालू आहे बरं. कुंदा आता साठीच्या पुढे आहे, माझ्याचकडे असते, आणि तिला पाहून शिकलेसवरलेले लोक मला कारणं सांगतात. मोबाईल, गहू, आईची नोकरी, आणि लस तर आहेच. लसीचं तपासून तपासून खोटं ठरलं तरी ती काही जात नाही. मूल जन्मतःच तसं असतं, घराण्यातून काही येत असावं, आईच्या मायेशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टर आता स्वच्छ सांगतात. पण पूर्ण उत्तर अजून कुणाजवळ नाही, आणि जिथे उत्तर नसतं तिथे लोक आधी आईला बसवून पाहतात. मी पूर्वी भांडायची. आता फक्त विचारते की तुम्ही त्या बाईशी बोललात का, आणि बोललात तर कोणत्या भाषेत.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आत्या आली. मनाने चांगली बाई, रेल्वे क्वार्टरमध्ये राहून तिची मराठी निम्मी हिंदी झाली होती. कुंदाचे फ्रॉक एका पत्र्याच्या पेटीत भरून ठेवले होते. देशकर काका आणि तिवारी मास्टरजी निरोप द्यायला म्हणून आले होते, पण बसल्या बसल्या वाद सुरू झालाच. देवी की बारूद की आणखी काही. कुंदा मागे अंगणात होती. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिचे ओठ उकलले होते, तोंड आलेलं असल्यामुळे आठवडाभर ती पेजेवर होती. तिने ट्रे ठेवला, आणि एरवी पुरुषांच्या बैठकीत एक शब्द न बोलणारी माझी आई तिथेच, आत्यासमोर, खाली बसली आणि हात पुढे केला.

“वन्सं, हात लावून पाहा,” ती म्हणाली. “आता नाही राह्यली थंडी. तोंड आलं, काल नाकातून रक्त आलं, एवढी उष्णता झाली. आता तिले नका नेऊ.”

आत्याने गोंधळून तिचा हात धरला आणि म्हणाली, “भाभी, बुखार आहे का तुला?” देशकर काका कपात पाहू लागले. बाबा म्हणाले, “कोणती थंडी? काय बोलून राहिली तू?”

“शालूनं सांगितलं न,” आई म्हणाली. “डाक्टर म्हणाले म्हणून. अंगात थंडी आहे म्हणून पोरगी अशी झाली.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, ते फक्त हिशेब लावत होते, आणि तो लागताना मला दिसला. मी उभी राहिले. इतकी बक्षिसं मिळवलेली मुलगी, मला दोन वाक्यं धड जोडता येईनात. मी डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. मग आईने काय उत्तर दिलं होतं ते सांगितलं, मराठीत, तिच्याच शब्दांत, भुईवर लेटतो, हुं हुं करतो, सैपाक तसाच राह्यते, कानाची पाळी, सगळं. दोन महिने ते माझ्या डोक्यात अक्षर न् अक्षर तसंच पडून होतं. मग मी काय सांगितलं होतं ते सांगितलं. तिवारी मास्टरजींना मराठी कळत नव्हती, त्यांनी “क्या हुआ?” म्हणून विचारलं, तेव्हा मी तेच सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं. हिंदीत ते सांगता येत होतं. नीट, पूर्ण, काहीही न लाजता सांगता येत होतं. मी रडायला लागले.

 मग देशकर काका हळूच म्हणाले की मासिकात तरी तसंच लिहिलं होतं. बाबा म्हणाले, “चहा घ्या, देशकर.” आणि आत्याकडे वळून, “ताई, कुंदा इथेच राहील.” आत्याने पेटी उघडून फ्रॉक बाहेर काढायला सुरुवात केली, आणि ते करताना ती नाक ओढत होती.

पुढच्या आठवड्यात बाबा बिनपगारी रजा टाकून डॉक्टरांकडे गेले आणि माझ्या चुकीबद्दल त्यांना सांगून आले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पण मत बदललं नाही. सगळ्या आया असंच सांगतात, असं ते म्हणाले. बाबा पुन्हा तिकडे गेले नाहीत. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला फक्त एकदा विचारलं की तुला आपल्या आईची लाज वाटत होती का, आणि मी हो म्हणाले, आणि त्यांनी मान हलवली, जणू ही गोष्ट त्यांना स्वतःबद्दलही ठाऊक होती.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं आहे. सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई चहाचे कप विसळत होती. शाल तिने काढून खुंटीला लावली होती. मी दाराशी उभी राहिले, तिने मला आत ये असं खुणावलं आणि हातात फडकं दिलं. मी एकेक कप पुसत गेले. चार कप झाल्यावर तिने विचारलं, “मंग कोणती थंडी म्हणत होते ते?”

मी म्हणाले, “तुझा कुंदावर जीव नाही, असं.”

ती रागावली नाही, रडलीही नाही. तिला ते खरोखरच चमत्कारिक वाटलं असावं. ओला कप तिने माझ्या हातात दिला.

“असं होतं तर मले विचारायचं न, शालू,” ती म्हणाली.

तिला विचारलं होतं. मधे मी बसले होते.